वाचकांचे प्रश्न : आपल्या उन्हातला, आपल्या मातीतला नाग

कल्पित जग रचणाऱ्या लेखकांसाठी आणि चित्रकारांसाठीच्या या सदरात श्रावणाच्या तोंडावर आलेली पत्रं जवळजवळ सगळीच नागाविषयीची आहेत. कमरेवर माणूस, कमरेखाली सर्प असा पुराणकथांतला नाग, आणि त्याला वसवायचं आहे वऱ्हाड-झाडीपट्टीसारख्या मुलखात. सोबत आलेली प्रकरणं वाचताना एक उणीव वारंवार दिसली : देह सापाचा, पण दिवसाचा क्रम माणसाचा. नागाला ऊब बाहेरून मिळवावी लागते, हे एकदा ठरलं की त्याचं घर, जेवण, न्याय आणि वारसा हे सगळं त्यावरूनच ठरत जातं. खालची उत्तरं त्याच धाग्याने दिली आहेत.

प्रश्न : माझा नाग उभा राहिला की माणसाएवढा दिसावा असं वाटतं. लांबी किती धरू, वजन किती? चित्रं काढणारा मित्र म्हणतो, कल्पनेतल्या प्राण्याला माप कशाला? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : माप हवंच. माप नसलं की तो पहिल्या प्रकरणात दारातून आत येतो आणि पाचव्या प्रकरणात त्याच दारात अडकतो.

नागराज, म्हणजे किंग कोब्रा, आपल्या लांबीचा साधारण एक तृतीयांश भाग जमिनीवरून उचलू शकतो. तेच प्रमाण घ्या. डोकं दीड मीटर उंचीवर हवं असेल तर तीन मीटर जमिनीवर राहिलं पाहिजे, म्हणजे एकूण साडेचार मीटर. त्यातले वरचे ९० सेंटीमीटर माणसाचे आणि उरलेले ३.६ मीटर सर्पाचे.

आता वजन. ६० किलोच्या माणसाचे दोन्ही पाय वजा केले की ४० किलोच्या आसपास उरतात. कमरेचा घेर ७५ सेंटीमीटर असेल तर व्यास २४-२५ सेंटीमीटर. तिथून टोकापर्यंत जाडी हळूहळू निम्म्यावर आणली तर सर्पभागाचं घनफळ सुमारे १०० लिटर भरतं. सजीवाचा देह जवळपास पाण्याइतकाच जड असतो, म्हणून १०० किलो. एकूण १४० किलो. काही चित्रांत शेपटी कमरेपासूनच सुईसारखी निमुळती होत जाते. तसं केलं तर सर्पभाग ६० किलोवर येतो आणि वरचा ४० किलोचा भाग जरा पुढे झुकला की नाग तोंडावर आपटतो. मागचा जडपणा हाच त्याचा तोल आहे.

साडेचार मीटर ऐकून दचकू नका. कच्छमधल्या पानंध्रो इथल्या लिग्नाइटच्या खाणीत सापडलेल्या आणि २०२४ मध्ये 'वासुकी इंडिकस' असं नाव मिळालेल्या सापाची लांबी अभ्यासकांनी ११ ते १५ मीटर धरली आहे. तो सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा.

जोडाची जागा काळजीने आखा. माणसाच्या कण्यात ३३ मणके, तर सापाच्या कण्यात दोनशे ते चारशे, आणि शेपटी सोडली तर जवळपास प्रत्येक मणक्याला फासळ्यांची जोडी. म्हणून नागाची फासळी छातीशी संपत नाही, ती खाली जातच राहते. कमरेचं हाड नाही. अजगराच्या गुदद्वाराशेजारी दोन बारीक नख्या असतात, तेवढीच पायांची खूण ठेवा. सापाची खरी शेपटी गुदद्वारानंतर सुरू होते, त्याआधीचं सगळं धडच. त्यामुळे ३.६ मीटरपैकी शेवटचे ५०-६० सेंटीमीटर शेपटी आणि बाकी पोट, आतडी, यकृत. पोटात भाला लागला तर तो कमरेखाली दोन मीटरवरही लागू शकतो. लढाईची प्रकरणं लिहिताना हे विसरलं जातं.

नागीण अंडी घालणारी असेल तर तिला स्तन आणि माणसासारखी बेंबी देऊ नका. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या सापाच्या पोटावर बलकाच्या जोडाची बारीक चीर दिसते, ती दाखवा. एवढा जाड देह पोटाचे खवले पुढे ओढत सरळ रेषेत चालतो, आणि अशी चाल तासाला एक-दीड किलोमीटरच. सहा किलोमीटरवरचा बाजार म्हणजे अर्धा दिवस. तुमच्या नकाशावर नागांच्या वस्त्या तीन-चार किलोमीटरच्या आतच असायला हव्यात.

प्रश्न : नाग खातो किती? माझ्या कथेत चाळीस नागांची वस्ती आहे आणि ते रोज मेजवानी झोडतात. (वरुड, जि. अमरावती)

उत्तर : रोज मेजवानी झाली तर वस्ती झोपूनच राहील.

१४० किलोच्या गरम रक्ताच्या प्राण्याला नुसतं पडून राहायला दिवसाला २,८०० कॅलरीच्या आसपास लागतात. थंड रक्ताच्या देहाला त्याच्या साधारण आठवा ते दहावा हिस्सा पुरतो. नागासाठी ३५० धरा. मात्र इथे एक पेच आहे आणि तोच या प्राण्याचा गाभा आहे : माणसाएवढा मेंदू एकटाच दिवसाला ३०० कॅलरी मागतो. म्हणजे विचार करणाऱ्या नागाचा मेंदू उरलेल्या सगळ्या देहाइतकंच खातो. हालचाल धरून ९०० ते १,००० कॅलरी होतात. वजन माणसाच्या दुपटीहून जास्त आणि भूक निम्म्याहून कमी.

२५ किलोच्या बकऱ्यातून १२ किलोच्या आसपास मटण निघतं, त्याच्या १३-१४ हजार कॅलरी. एका नागाला एक बकरा दोन आठवडे पुरला. चाळीस नागांना वर्षाला हजाराहून थोडे जास्त बकरे. एका शेळीमागे वर्षाला दीड पिल्लू मोठं होतं असं धरलं तरी सातशे शेळ्यांचा कळप आणि त्याला पुरेल एवढं चराऊ रान लागेल. हे जमत नसेल तर त्यांना उंदीर, खेकडे, मासे आणि रानडुकरं खाऊ द्या. पिकात शिरणाऱ्या रानडुकरांनी त्रासलेलं गाव त्यासाठी नागांना राजीखुशीने वाट देईल, आणि त्यातूनच तुमच्या कथेतला व्यवहार सुरू होईल.

गिळायचं कसं, हेही ठरवा. सापाच्या खालच्या जबड्याच्या दोन फाका हनुवटीशी पक्क्या जोडलेल्या नसतात, म्हणून तोंड फाकतं. अशा जबड्याने माणसासारखं बोलता येणार नाही. बोलणारा नाग हवा असेल तर तोंड लहान, हातात सुरी, आणि दर पाच दिवसांनी चारेक किलो मांस, एवढंच बसतं. आम्ही हाच मार्ग सुचवू.

जेवणानंतरचे दिवस फार महत्त्वाचे. मोठं जेवण झालं की बर्मी अजगराच्या हृदयाचा मुख्य कप्पा दोन-तीन दिवसांत ४० टक्क्यांपर्यंत वाढतो, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. सगळी ताकद पचनाकडे जाते आणि जनावर जड होऊन पडतं. म्हणून नागांच्या पंगतीची पहिली रीत अशी असावी : एका रात्री सगळ्यांनी जेवायचं नाही. वस्तीचे पाच गट, एक जेवलेला आणि चार जागे. ज्या शत्रूला ही पाळी कळली त्याला हल्ल्याचा दिवसही कळला. दुसरी रीत : देह गार असताना जेवायचं नाही. पचनाला २८ ते ३२ अंशांची ऊब लागते, ती नसली की मांस पोटातच कुजतं आणि ओकून टाकावं लागतं. पौषातलं लग्न दाखवायचं असेल तर पाहुण्यांना उपाशी परतू द्या.

प्रश्न : आमच्याकडे काळी कसदार जमीन, खाली मुरूम लागतच नाही. नाग वावरातल्या बिळात राहतात असं मी लिहिलं आहे. एका वाचकाने ते चूक ठरवलं. का? (दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : वाचकाचं बरोबर आहे. काळ्या मातीतलं चिकण पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. वैशाखात त्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मीटरभर खोलपर्यंत. तिथे खोदलेलं भुयार उन्हाळ्यात ढासळतं आणि आषाढात चहूबाजूंनी फुगून बंद होतं. आत झोपलेल्यासकट. वारुळाचंही तेच : वारूळ वाळवी बांधते, साप नुसता आयता शिरतो, आणि १४० किलोचा नाग त्यात मावणार नाही.

घर कशासाठी हवं ते आधी पाहू. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास तापतो. बहुतेक साप ४०-४२ अंशांवर मरणाच्या दारात असतात. उलट पौषातल्या रात्री १० अंशांपर्यंत उतरतात आणि तेव्हा नाग हलूही शकत नाही. या दोन्हींमधून वाचवते ती फक्त जमिनीतली खोली. दिवसरात्रीचा चढउतार मातीत अर्ध्या मीटरवर संपतो. उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार मात्र खोलवर जातो. अडीच मीटरवर तो चारेक अंशांवर येतो आणि तिथे नागपूरसारख्या ठिकाणी बारा महिने २५ ते २९ अंश मिळतात.

जिथे मुरूम आहे तिथे घर असं बांधा. भुयार ५५ सेंटीमीटर रुंद, कारण अडचण शेपटीची नसून खांद्यांची आहे. तोंडाशी ३० सेंटीमीटरचा उंचवटा ठेवून मग उतार द्या, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत. वेटोळं घातलेल्या एका नागाला मीटरभर व्यासाची जागा लागते, वरचा देह आणि हालचाल धरून दीड मीटर. सहा जणांच्या कुटुंबाला साडेचार मीटर व्यासाची खोली. हवेसाठी दोन तोंडं, आणि एक दुसऱ्यापेक्षा निदान मीटरभर उंचावर. दोन्ही एकाच पातळीवर ठेवली तर वारा खेळत नाही, आत कोंडलेली हवा साचते आणि झोपलेले उठत नाहीत.

तुमच्या पूर्णाकाठी मुरूम मिळत नाही, म्हणून तुमचे नाग जमिनीखाली न जाता वर चढतील. वऱ्हाडात गावठाणाची पांढरी माती आणि त्या मातीच्या गढ्या आहेतच. पांढर काळ्या मातीसारखी भेगाळत नाही. दीड मीटर जाडीच्या भिंतींची, वरून मातीने पूर्ण झाकलेली गढी दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा दोन्ही अडवते. ऋतूचा फरक मात्र ती अडवू शकत नाही. म्हणजे तुमच्या गढीतले नाग पौषात मुरमातल्या नागांपेक्षा चार-पाच अंशांनी गार उठतील. एकाच जातीच्या दोन प्रदेशांत दोन स्वभाव निर्माण करायला एवढं पुरेसं आहे.

हिशेब पाहा. २५ अंशांवर उठलेल्या नागाला कामाच्या ३३ अंशांपर्यंत यायला सुमारे ३,९०० किलोज्यूल उष्णता लागते. सकाळच्या कोवळ्या उन्हातून त्याच्या देहाला साधारण ३६० वॉट मिळतात असं धरलं तर तीन तास. फणा असेल तर सव्वादोन तास. आणि इथेच फण्याची खरी जागा सापडते. सापाचा फणा मानेच्या फासळ्यांनी पसरतो. नागाला माणसाची मान आहे, तिथे फासळ्या नाहीत, म्हणून फणा हातांमागे पाठीवरच्या फासळ्यांतून निघू द्या आणि त्याचं काम ऊन झेलणं हे ठेवा. त्यात तापलेलं रक्त आधी मेंदूकडे जावं. डोकं जागं आणि शेपटी अजून बधिर असा तासभराचा काळ मिळतो, आणि कथेला त्याचा फार उपयोग आहे.

हाच नाग पौषातली रात्र उघड्यावर काढून १३ अंशांवर आला असेल तर ३३ वर यायला साडेसात तास लागतील. वाऱ्याने जाणारी ऊब यात धरलेली नाही. म्हणजे त्याचा दिवस गेलाच. म्हणून या समाजात श्रीमंती घर किती खोल यावर मोजली जाईल. ज्याचं घर अडीच मीटरवर तो दहा वाजता कामाला लागतो. ज्याला मीटरभरच खोदता आलं तो दुपारी. ज्याला घरच नाही तो हिवाळाभर कोणाच्या तरी मेहेरबानीवर. सोनंनाणं, राजवाडे हे सगळं यापुढे गौण आहे. आलेल्या एकाही प्रकरणात ही दरी आम्हाला दिसली नाही, आणि ती सगळ्यांत आधी यायला हवी होती.

प्रश्न : आमच्या भागात मालगुजारी तलाव आहेत. नागांनी तलावाच्या पाळीत घरं केली आणि धान करणाऱ्या माणसांशी त्यांचं भांडण झालं, असा प्रसंग आहे. पाळ फुटते कशी, ते नीट दाखवायचं आहे. (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : प्रसंग उत्तम आहे, कारण दोन्ही बाजूंची गरज खरी आहे. पूर्व विदर्भात असे हजारो जुने तलाव आहेत. कोहळी समाजाने बांधलेली त्यांची मातीची पाळ नागाला दिसते ती तयार टेकडी म्हणून : कोरडी, उंच, खणायला मऊ आणि शेजारी पाणी.

पाळ एकदम फुटत नाही. भुयाराचा शेवट पाण्याच्या बाजूला जितका जवळ, तितकी पाझराची वाट आखूड. भर पावसाळ्यात तलाव तुडुंब झाला की बाहेरच्या उताराच्या पायथ्याशी आधी ओल दिसते, मग बारीक झरा. झरा स्वच्छ असेपर्यंत लक्ष ठेवायचं. पाणी गढूळ झालं की धोका, कारण आता पाण्यासोबत पाळीची माती निघू लागली. आत पोकळी वाढत मागे तलावाकडे सरकते, वरची माती बसते, आणि तिथून पुढचं काम काही तासांचं.

इथे तुमची पात्रं एक चूक करतील, ती त्यांना करू द्या : बाहेरच्या तोंडात माती ठासून झरा बंद करणं. पाणी दुसरी वाट शोधतं आणि जास्त जोराने येतं. योग्य रीत अशी : झऱ्यावर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक गिट्टी, तिच्यावर मोठी गिट्टी, म्हणजे पाणी येत राहील पण माती अडेल. भोवती मातीच्या पोत्यांचं कडं करून आत पाण्याची पातळी चढवायची. मग तलावाच्या बाजूचं तोंड शोधून चिकणमाती तुडवून बंद करायचं. ते तोंड पाण्याखाली असतं. ते शोधायला नागाइतका लायक कोण? सोबत सांडवा मोकळा करून पातळी उतरवायची.

समझोत्यासाठी साहित्यही तिथेच आहे. बांधाला भोकं पाडतात ते उंदीर आणि खेकडे, आणि नाग खातो तेही हेच. गावाने पाळीपासून दूर, चढावर मुरमाची जागा द्यावी; नागांनी रोवणीपासून धान निघेपर्यंत रात्रीची गस्त घालावी. करार मोडेल तो दुष्काळाच्या वर्षी, जेव्हा तलाव आटेल, खेकडे संपतील आणि गावाच्या शेळ्या समोर दिसतील.

प्रश्न : नागांचं कूळ बापाकडून चालावं की आईकडून? आणि अंडी किती? (उमरखेड, जि. यवतमाळ)

उत्तर : अंड्यांपासून सुरू करू, कारण तिथे गणित बिघडतं. अजगराची मादी एका वेळी वीस-तीस अंडी सहज घालते. तेवढी नागिणीला दिली तर दोन पिढ्यांत तुमचं जग भरून वाहील. दर पाच वर्षांनी दोन अंडी, वीस वर्षं, म्हणजे आठ पिल्लं. निम्मी जगली तर चार. मोठ्या मेंदूच्या पिल्लाला शिकायला वर्षं लागतात, त्याच्याशी हे जुळतं.

अंडी चैत्र-वैशाखात, पिल्लं पहिल्या पावसासोबत, हा मेळ निसर्गातच आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून दोन महिने बसते आणि गार पडलं तर अंगातले स्नायू थरथरवून ऊब तयार करते. या काळात ती जवळपास काही खात नाही. थंड रक्ताच्या प्राण्याने स्वतःच्या अंगातून ऊब काढून देणं, याहून मोठा त्याग नागांच्या भाषेत नसावा. त्यांच्या शपथा, आशीर्वाद, शिव्या या थरथरीतून येऊ द्या.

कुळाबाबत सापांचा देह स्पष्ट कौल देतो. अनेक जातींच्या माद्या नराचं बीज महिनोन्महिने शरीरात साठवून ठेवतात, आणि काही जातींत नराशिवाय पिल्लं झाल्याचीही नोंद आहे. बाप कोण हे छातीठोक सांगता येत नाही, आई मात्र अंड्यांवर बसलेली सगळ्यांना दिसते. घर, खोली, पाण्याचा हक्क आईकडून मुलीकडे जावा. आणि कुळाला नाव हवं असेल तर 'वेढा' घ्या. हिवाळ्यात एकत्र वेटोळं करून झोपणारे ते एका वेढ्याचे. लहान देह लवकर गार होतो, मोठा उशिरा, म्हणून पिल्लं मध्यभागी आणि आजी-मावश्या बाहेरच्या फेरात.

प्रश्न : नागांची न्यायसभा कशी असेल? (पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : तिची वेळ ऋतूने ठरेल. हिवाळ्यात दुपारी, उन्हाळ्यात दिवस मावळल्यावर, पावसाळ्यात आभाळ पाहून. गार मेंदू हळू चालतो, म्हणून पहाटे घेतलेली साक्ष, पहाटे केलेला सौदा रद्द, हा त्यांचा पहिला कायदा. पौषातल्या सकाळी नागाकडून जमीन लिहून घेणारा माणूस हा तुमचा उत्तम खलनायक होईल.

दुसरा कायदा कातीचा. कात टाकण्याआधी सापाचे डोळे काही दिवस निळसर-दुधी होतात, त्याला धड दिसत नाही, तो चिडका होतो. मग डोळे निवळतात आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत कात निघते. वर्षातून तीन-चार वेळा हे होणार. त्या दिवसांत पंचाने आसन सोडावं, पहारेकऱ्याने पहारा सोडावा. कोरड्या उन्हाळ्यात कात तुटक निघते, शेपटीच्या टोकाला जुन्या कातडीचं कडं राहतं, ते आवळून रक्त तोडतं आणि टोक वाळून गळतं. म्हणून प्रत्येक वस्तीत ओल धरणारी, खडबडीत दगड असलेली एक सामाईक जागा असावी. शेपटीचं टोक गमावलेला नाग दिसला की ओळखावं : याला ती जागा मिळाली नव्हती.

प्रश्न : नागांना ऐकू येतं का? ते अंधारात माणूस ओळखतील का? (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : सापाला बाहेरचा कान नाही, पण तो बहिरा नसतो. जमिनीची थरथर जबड्यातून आतल्या कानापर्यंत पोचते, आणि हवेतले खर्जातले आवाजही कळतात. डफ, बैलगाडीचं चाक, पुरुषाचा जड आवाज ऐकू येईल. घुंगरू आणि पाखरांची किलबिल नाही. ओल्या सलग जमिनीतून शेपटीच्या ठोक्यांचा निरोप दूर जाईल. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत तो अडेल. नागांची राज्यं ज्येष्ठापर्यंत तुटक असतात आणि पावसाने जोडली जातात, असं करून पाहा.

अंधारासाठी सापांचं एकच कूळ निवडा. अजगराच्या ओठांवर आणि चापडा या विषारी सापाच्या डोळा-नाकपुडीच्या मध्ये उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, खऱ्याखुऱ्या नाग सापाला त्या नसतात. खाचा दिल्या तर पौषातल्या रात्री माणूस त्यांना लख्ख दिसेल. मे महिन्यात रात्री आठला मात्र जमीन आणि भिंती माणसाच्या अंगाइतक्याच तापलेल्या असतात, आणि तेव्हा माणूस दिसेनासा होतो. चोरी करायची असेल तर ती उन्हाळ्यात.

प्रश्न : नागांचा प्राचीन इतिहास आपल्याच मातीत सुरू करता येईल का? (वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : तुमच्या तालुक्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. पिसदुरा इथे डायनोसॉरांची हाडं आणि त्यांची अश्मीभूत विष्ठा सापडते. डोंगरगावच्या टेकडीतल्या महाकाय शाकाहारी डायनोसॉराचं वर्णन १९९७ मध्ये झालं, आज तो 'इसिसॉरस' म्हणून ओळखला जातो. त्याच काळातला, डायनोसॉराच्या घरट्यात वेटोळं घातलेल्या स्थितीत सापडलेला साडेतीन मीटरचा साप 'सनाजेह' गुजरातेतला, त्याचं वर्णन २०१० चं. मग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर पसरले, आणि दोन थरांमधल्या शांत काळात तळी साचली. त्या तळ्यांच्या गाळातले जीवाश्म नागपूरच्या परिसरातून स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच गोळा केले होते. नागांचे पूर्वज घरट्यांतली अंडी चोरणारे होते आणि लाव्हाच्या काळात अशा तळ्यांकाठी तगले, एवढी कल्पना या पुराव्यावर बसते.

प्रश्न : माझ्या कथेत वैदू मंत्राने नागाचं विष उतरवतो. चालेल? (धानोरा, जि. गडचिरोली)

उत्तर : कथेत त्याला कारण द्या. विषारी साप चावतो तेव्हा दर वेळी विष सोडतोच असं नाही. कोरडा दंश झालेला माणूस मंत्राविनाही वाचतो आणि श्रेय वैदूला जातं. नागाने मुद्दाम कोरडा दंश करून वैदूशी संगनमत केलं, तर कथा आणखी पुढे जाईल. मात्र कथा गावातली मुलंही वाचतात, म्हणून खऱ्या दंशाचं प्रकरण आलं तर तिथे योग्य तेच दाखवा : चावलेला भाग हलू द्यायचा नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून दोरी बांधायची नाही, आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने सरळ ग्रामीण रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस एकच आहे, म्हणून साप मारून किंवा पकडून सोबत न्यायची गरज नाही.